फुटामागे एक सूत

ओतलेलं बीड, म्हणजे ओतकामाचं लोखंड, निवताना फुटामागे एक सूत आकसतं. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग.

मेथीला सकाळचं ऊन चालतं, दुपारचं सोसत नाही.

इस्माईल मुजावर बिनसाखरेचा चहा पितो आणि दर खेपेला म्हणतो, साखर जास्त झाली.

मिरजेच्या डॉक्टर दस्तुरांच्या दिवाणखान्यात एक खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवलेली आहे; तिच्यावर आता कुणी बसत नाही.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात भूपाल मगदूमची जुनी विलायती मोटार उभी आहे. बाहेरून ती साडेसतरा फूट भरते. आतून, पुढच्या सीटपासून मागच्या सीटपर्यंत चालत जायला खंडेनवमीला चाळीस मिनिटं लागत होती.

भूपाल हा पॅटर्नमेकर. फौंड्रीत जी वस्तू लोखंडात ओतायची ती आधी कुणीतरी लाकडात घडवावी लागते, ती घडवणारा माणूस. चाळीस वर्षं त्यानं पंपांची पोटं आणि इंजिनांची झाकणं सागवानात कोरली. कोरताना प्रत्येक मापात फुटामागे एक सूत जास्त धरायचं, म्हणजे लोखंड निवून आकसलं की नेमकं मापात बसतं. हे त्याच्या हातात इतकं भिनलं होतं की बायकोचं पोलकं शिवायला टाकतानाही तो शिंप्याला सूतभर वाढवून सांगायचा.

बायकोचं नाव हिराबाई, सगळे तिला हिराक्का म्हणत. लग्नापासून ती त्याच्या मागं बसत आली होती. आधी सायकलच्या कॅरिअरवर, मग लुनावर, मग स्कूटरवर. तिनं कधी तक्रार केली नाही, पण खड्डा आला की कमरेला हात लावायची आणि तो हात भूपालला आरशात दिसायचा. निवृत्त झाल्यावर त्यानं ठरवलं, हिला एकदा खरंखुरं मागचं सीट द्यायचं. जगात सगळ्यात चांगलं मागचं सीट कशाला असतं याची त्यानं वर्षभर चौकशी केली. तेव्हा कळलं की मिरजेच्या एका डॉक्टरांकडे तशी गाडी आहे.

डॉक्टर दस्तुरांनी किंमत सांगितली नाही, गाडीची कागदपत्रंही दाखवली नाहीत. मागचं दार तेवढं उघडून दाखवलं. आत मधाच्या रंगाचं कातडी सीट होतं, पायाशी लोकरीची बैठक होती, आणि पुढच्या सीटच्या पाठीला अक्रोडाच्या लाकडाचे दोन घडीचे पाट लावलेले होते. पाट उघडले की त्यावर ताट मावत होतं. भूपालनं लाकडावर बोट फिरवलं. सांधा सापडला नाही.

"मागे कोण बसणार?" डॉक्टरांनी विचारलं.

"आमची मंडळी."

"मग घेऊन जा."

हिराक्का त्याच दिवशी मिरजेपासून मागं बसून आली. जयसिंगपूरला तिनं पाट उघडून त्यावर शेंगा सोलल्या. हातकणंगल्याला ती म्हणाली की आपल्या दोन खोल्यांपेक्षा इथं जागा जास्त आहे. भूपालला वाटलं, ही कौतुकानं म्हणते आहे.

जुनी विलायती गाडी ठेवायची म्हणजे ती रोज काहीतरी मागते. पहिल्या आठवड्यात पाण्याच्या पंपाची कवची फुटली. सुटे भाग इंग्लंडातही मिळत नव्हते. भूपालला त्याचा आनंदच झाला. फुटलेली कवची त्यानं इस्माईलकडे नेली. इस्माईलचं लेथचं दुकान तीन दारं सोडून होतं आणि दोघांची पंचवीस वर्षांची ओळख होती. इस्माईलनं आपल्या कॅलिपरनं मापं घेतली आणि काडेपेटीच्या पाठीवर लिहून दिली. भूपालनं ती सागवानावर आखली. आखायला त्यानं ती नवी पोलादी पट्टी घेतली, निरोप समारंभात सहकाऱ्यांनी मखमली खोक्यात घालून दिलेली. प्रत्येक मापाला सवयीनं एक सूत वाढवलं. फौंड्रीत ओतून घेतलं, इस्माईलनं भोकं कापली, कवची बसली. गाडी सुरू झाली ती भरल्या पोटाच्या म्हशीसारखी समाधानानं घुमू लागली.

त्या दिवशी मागचं सीट एक वीत मागं गेलं.

मग दारांच्या बिजागऱ्या, मग स्प्रिंगचे खूर, मग एक्झॉस्टचा हात. एकेक भाग मोडत गेला, एकेक ओतून बसवला. सीट दोन हात मागं. सीट दहा हात मागं. हिराक्का मागून काही म्हणाली की भूपालला "काय गं?" करून विचारावं लागायचं. गणपतीपर्यंत मधल्या जागेत माती दिसायला लागली, चांगली काळी, नदीकाठची. हिराक्कानं एकदा ती बोटांनी कुस्करून बघितली आणि दुसऱ्या दिवशी येताना पदराला मेथीचं बी बांधून आणलं.

पुढची जागा मात्र कमी होत गेली. मागं जे वाढायचं ते कुठूनतरी यायला हवं होतं. स्टिअरिंग भूपालच्या पोटाला टेकलं. छत केसांना लागलं. त्याला फारसं वावगं वाटलं नाही, माणूस म्हातारपणी कोटात रुळतो तसा तो पुढच्या सीटमध्ये रुळला.

गल्लीतल्यांना याची सवय झाली. हिराक्का सकाळी मागच्या दारानं आत जायची ती संध्याकाळी चुरगळलेल्या मेथीच्या वासासकट बाहेर यायची. मागचं दार तिलाच उघडायचं. भूपालनं उघडलं की आत साधं सीट दिसायचं, तीन माणसं बसतील एवढं. त्यानं तिकडं जायचं तर पुढच्या सीटवरून, चालतच जायला हवं होतं, आणि ते कायम उद्यावर राहायचं, कारण गाडीचं काहीतरी काम निघालेलं असायचं.

"मिस्त्री," इस्माईल म्हणाला, "वहिनींना भेटायला आता एस्टीचा पास काढा."

भूपाल हसला. पण त्या दिवशी त्यानं आरसा नीट करून मागं बघितलं तेव्हा हिराक्का तांदळाच्या दाण्याएवढी दिसली. ती वाकून काहीतरी खुडत होती. त्यानं हॉर्न वाजवला. तिनं मान वर केली, ती सुमारे मिनिटभरानं.

खंडेनवमीच्या दोन दिवस आधी हँडब्रेकचा कणा मोडला. गाडी उतारावर उभी होती आणि उताराच्या टोकाला सदा चव्हाणची चहाची टपरी होती. चाकाखाली दगड लावले, तर गाडी सावकाश दगड चढून पलीकडे उतरली. फक्त भूपालनं ब्रेकवर पाय ठेवला की ती थांबायची. दुसऱ्या कुणाच्या पायाला जुमानत नव्हती. तेव्हा तो पाय ठेवून बसला. मागचं दार आता तिलाही उघडत नव्हतं, म्हणून हिराक्का दुपारी मागून जेवणाचा डबा घेऊन आतूनच चालत निघायची, चाळीस मिनिटांनी पोचायची, तो जेवेपर्यंत शेजारी बसायची आणि ऊन उतरायच्या आत परत जायची. रात्री घरी जाणं तिनं बंद केलं होतं. तिकडं झोप चांगली लागते म्हणाली.

नव्या कण्याचा पॅटर्न भूपालनं मांडीवर घेऊनच कोरला. ओतीव भाग खंडेनवमीच्या सकाळी तयार होऊन आला. पण त्या दिवशी उद्यमनगरात कुणी हत्याराला हात लावत नाही. हत्यारं धुवायची, पुसायची, मांडायची, झेंडू वाहायचा, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत ती विश्रांतीला. इस्माईलच्या लेथलाही हार होता. त्यानं भूपालची हत्यारंही पूजेसाठी नेली होती. तो ती पुसत बसला असताना मखमली खोक्यातली पट्टी त्याच्या हाती आली. ती घेऊन तो गाडीच्या खिडकीशी आला.

"ही पट्टी पॅटर्नची हाय," तो म्हणाला. "हिच्यात सूत आधीच वाढवलेलं असतं. हितं लिहिलंय बारीक."

भूपालनं चष्मा चढवून वाचलं. मखमली खोक्यातून आलेल्या वस्तूवरचं त्यानं कधी वाचलं नव्हतं.

"मी वरनं आणखी सूत धरत होतो," तो म्हणाला.

"दर भागाला."

"दर भागाला."

इस्माईलनं हिशेब सांगितला. एकोणचाळीस भाग चुकीचे बसलेत. ते सगळे नव्या मापानं करून बसवले तर मागचं सीट जागेवर येईल, वर्ष लागेल फार तर. पण मधे जे काही उगवलंय, बांधलंय, ते राहणार नाही. हा चाळिसावा कणाही चुकीचाच आहे. तो बसवला तर पाय मोकळा होईल, पण अंतर इतकं वाढेल की सकाळी निघालेलं माणूस संध्याकाळपर्यंत पोचायचं नाही. डबा तर विसराच. काय करायचं ते उद्यापर्यंत ठरवा, आज पान्याला हात लावायचा नाही.

बारा वाजता हिराक्का आली. डब्यात पुरणपोळी होती आणि मेथीची भाजी. तिच्या टाचांना काळी माती होती आणि ती पूर्वीपेक्षा ताठ चालत होती. भूपालनं तिला सगळं सांगितलं, काही न लपवता. चूक माझी आहे, असंही म्हणाला.

ती डब्याचं झाकण पुसत राहिली. मग तिनं तिकडचं सांगितलं. विहिरीला पाणी लागलंय. शेवग्याला पहिली फुलं आलीत. सीट तसंच आहे, पाटावर ती दुपारी सांडगे वाळत घालते. जन्मभर दारापुढं अंगण नव्हतं, आता संपत नाही इतकं आहे. कंबर दुखत नाही.

"लहान करायचं का मग?" भूपालनं विचारलं.

"तुमी एकदा तरी आलाय का बघायला?"

तिनं त्याच्या ब्रेकवरच्या पायाकडं बघितलं. पाय सुजला होता.

"कणा बसवा," ती म्हणाली. "मी आज हितंच थांबते. सकाळी संगट निघू. वाटंत मुक्काम पडंल, तर पडू दे. भाकऱ्या बांधून घेते."

"पुढं कोण बसणार?"

"पुढं काय हाय बसायला?" हिराक्का म्हणाली.

भूपालनं बघितलं. स्टिअरिंग होतं, काच होती, काचेपलीकडे सदाची टपरी होती. टपरीवर एक माणूस बशीतून चहा पीत होता.

रात्रभर ती शेजारी बसून राहिली. पुढच्या सीटवर दोघांना जागा नव्हती, तरी मावली. दसऱ्याच्या सकाळी इस्माईलनं झेंडूखालून पाना उचलला, कपाळाला लावला आणि गाडीखाली शिरला. चार बोल्ट होते. चौथा आवळला तेव्हा आतून लांबवर, वारा पिकातून जावा तसा आवाज झाला.

"सोडा पाय," तो खालून म्हणाला.

भूपालनं पाय उचलला. गाडी हलली नाही. त्यानं चावी काढून इस्माईलला दिली, तेल पंधरा दिवसांनी बघत जा म्हणून सांगितलं, आणि सीटची पाठ ओलांडून उतरला. पायाखाली माती होती. पहिली काही पावलं तो लंगडला.

इस्माईलनं खिडकीवर हात धरून आत बघितलं. हिराक्का पुढं चालली होती, डोक्यावर भाकऱ्यांचं फडकं घेऊन. भूपाल मागं होता. दोघं काहीतरी बोलत होती आणि दोघांच्या मधे फार तर हातभर अंतर होतं. ती दोघं अंगठ्याएवढी झाली, मग तांदळाएवढी. पलीकडे सीट कुठं दिसत नव्हतं.

लग्नाच्या दिवशी, मागं बसून आकसायच्या आधी, हिराक्का भूपालपेक्षा दोन बोटं उंच होती.