जोडीनं घ्यायच्या गोळ्या

आमच्या नवागामात तान्ह्या बाळाचे डोळे आले की दोष आधी शेजारणीच्या नजरेचा. राखीच्या आठ दिवसांच्या मुलीच्या पापण्या पिवळ्या घाणीने चिकटल्या, तेव्हा सासू चंपाबाईंनी मीठ-मोहऱ्या ओवाळल्या आणि वरून ठसठशीत काजळ घातलं. मी अनुसया, घरोघरी बाळं तपासत फिरणारी आशा सेविका. काजळ पुसलं आणि मायलेकींना दवाखान्यात नेलं.

तपासणीत क्लॅमिडिया निघाला. डॉक्टरीणबाईंनी आडपडदा ठेवला नाही. हा संबंधातून होतो. बाईला बहुतेकदा कळतही नाही, पण आत गर्भनळ्या खराब होतात, पुढे मूल राहणं कठीण होतं. बाळंतपणात तो बाळाच्या डोळ्यांत जातो, कधी फुप्फुसांत. बाळाला औषध, राखीला गोळ्या आणि नवऱ्यालाही दोन गोळ्या, एकदाच. त्याने घेतल्या नाहीत तर राखीला पुन्हा होणार.

नवरा प्रफुल्ल पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमध्ये आहे. शिंक आली तरी सुई टोचून घेणारा हा माणूस.

"माले काय व्हयेल शे?" तो म्हणाला.

चंपाबाईंचा तपास तर केव्हाच पुरा झाला होता. "दोन महिना माहेर राहिनी. तठलंच पानी बाधनं."

पुरुषालाही लक्षणं दिसत नाहीत, हे मी तीनदा सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी. माझं डोकं असं तापलं की चहा न पिताच निघाले. प्रफुल्लच्या गोळ्या देवाच्या फोटोमागे गेल्या.

औषधाने बाळाचे डोळे स्वच्छ झाले. राखीनेही आपल्या गोळ्या घेतल्या. पण सव्वा महिना संपत आला होता. तोवर बाळंतीण वेगळी झोपते, पूजा झाली की पुन्हा नवऱ्याच्या खोलीत. राखी दिवस मोजत होती आणि मला तिची काळजी वाटत होती.

पूजेला अर्धी गल्ली जमली. शिरा झाला, महाराज आले, प्रफुल्ल पाटावर बसला. राखी बाळाला घेऊन भिंतीशी उभीच.

"एकली बसनी तर पूजा चालस का, मामी?" तिने सासूला हळूच विचारलं.

"अशी कशी चालई? जोडीनंच बसनं पडस."

"मंग दवाई बी जोडीनंच."

चंपाबाईंनी एकदा पाहुण्यांकडे पाहिलं. मग फोटोमागची गोळ्यांची पट्टी काढून मुलाच्या हातात दिली. "गियी टाक. महाराज बठेल शेतस."

प्रफुल्लने तीर्थासारख्या गिळल्या.

मी राखीला बाजूला घेऊन सांगितलं, औषध पुरतं लागू पडेपर्यंत, अजून सात दिवस वेगळीच झोप. तिने मान हलवली.

आता चंपाबाई गल्लीभर सांगतात, पूजेने नातीचे डोळे उघडले. वर लगेच, पुढच्या वर्षी नातू पाहिजे. राखीच्या नळ्या शाबूत आहेत की नाहीत, हे अजून कुणालाच माहीत नाही. नसल्या तर दोष कुणाच्या माथी जाईल, ते मात्र सगळ्या गल्लीला माहीत आहे.

राखीलाही. बाळाच्या लसीच्या कार्डात तिने ती रिकामी पट्टी जपून ठेवली आहे. मागे नवऱ्याचं नाव आणि तारीख लिहिली आहे, स्वतःच्या अक्षरात.