भुजंग गोंधळ्याचं आवतन

लग्नाच्या गोंधळासाठी शिवमूर्तीचा देगलूरहून फोन आला तेव्हाच भुजंगच्या लेकीनं, राजकन्येनं, तोडून सांगितलं होतं, बापूला आता गोंधळ जमायचा न्हाई. पण ऐकतो कोण! तीन पिढ्या शिवमूर्तीच्या घरच्या लग्नाचा गोंधळ भुजंग गोंधळ्याच्याच घरानं घातलेला.

"अगं, परवा फोनवर कवन म्हणलं की त्यांनी. एक अक्षर चुकलं न्हाई. बिमार माणूस असं गातंय व्हय?" शिवमूर्ती म्हणाला.

लातूरच्या डॉक्टरनं अल्झायमर सांगून दोन वर्षं झाली होती. बापू मोरीचं दार विसरला, बायको गेल्याचं विसरला, जेवल्यावर जेवण्यासाठी भांडला. पण संबळ कमरेला बांधला की गळा खडा. लोकांना तेवढा गळा दिसायचा. बाकीचं धुणं-पुसणं राजकन्येच्या वाट्याला.

धाकटा भाऊ हरिओम मोठा शहाणा. "चार माणसांत बरं वाटंल बापूला," म्हणत त्यानं म्हाताऱ्याला गाडीत बसवलं. राजकन्या धुसफुसतच मागं बसली. सगळं सोसलं असतं तिनं, पण ज्या लोकांनी बापूला डोक्यावर घेतलं, तेच त्याच्यावर हसलेले तिला बघवणार नव्हते.

संध्याकाळी देगलूरच्या मांडवात चौक भरला. हरिओमनं तुणतुणं धरलं, राजकन्येनं पेटती दिवटी. बापूनं आवतन सुरू केलं. माहूरची रेणुका, तुळजापूरची भवानी, एकेका गावच्या देवाला हाक मारून बोलावलं. म्हाताऱ्या बायांनी डोळे पुसले. आता देव आले की कथा लागायची.

कथा लागलीच नाही. बापूनं पुन्हा माहूरपासून सुरुवात केली. मग तिसऱ्यांदा.

मागून कुणीतरी म्हणालं, "देवाला नेटवर्क न्हाई वाटतं!" मांडव खदखदून हसला. पोरांनी मोबाईल वर धरले. हरिओम तुणतुण्याकडं बघत बसला, जणू त्याचा बाप नव्हताच तो.

"मोबाईल खाली करा!" राजकन्या ओरडली. "तुमच्या बापजाद्यांच्या लग्नाचे गोंधळ घातले यानं. लाजा कशा वाटत न्हाईत?"

"तसं न्हाई गं," शिवमूर्ती कसनुसा झाला. "पण गोंधळ अर्धा राहिला तर नव्या जोडप्याला बरं न्हाई. आरतीपर्यंत तरी न्या."

"तुमच्या जोडप्याचं बघता! आन माझ्या बापाचं?"

दिवटी हरिओमच्या हातात कोंबून ती बापूच्या कमरेची गाठ सोडायला वाकली. आरतीआधी संबळ उतरवत नसतात. बापूनं दोन्ही हातांनी संबळ आवळून धरला.

"बापू, समदे देव आले. कोण राहिलंय आता?"

"माझी लेक राहिली की. राजकन्या. तिनं दिवटी धरल्याबिगर मी कथा लावत न्हाई."

"मीच हाय ना राजकन्या!" ती किंचाळली. "कवाधरनं हितंच हुभी हाय!"

म्हातारा दचकला. मग परक्या बाईशी बोलावं तसं अदबीनं म्हणाला, "बाई, रागावू नका. आमची पोर वाटंतच आसंल. आली की लगेच कथा लावतो."

राजकन्येचे हात गाठीवरच थांबले. मागची दोन-चार माणसं घरी जायला उठत होती. ती गर्रकन वळली.

"बसा खाली! ती येईस्तोवर एकानंबी उठायचं न्हाई!"