गुलाबाच्या अलीकडे

“काका, एक घोट घ्या आणि सांगा,” मालकीणबाई म्हणाल्या आणि त्यांनी ग्लास नाकोबांच्या हातात दिला.

टेबलावर परत आलेली खोकी रचून ठेवली होती. रास्पबेरी घातलेली गव्हाची बिअर, या छोट्या ब्रुअरीने पहिल्यांदाच केलेली. हॉटेलवाल्यांनी एकापाठोपाठ एक फोन करून ती परत पाठवली होती. बाटल्यांना बुचं लावणारा, ज्याला सगळे बुचवालाच म्हणत, तो दाराशी हात मागे बांधून उभा होता. एरवी त्याचं तोंड बंद ठेवणं कुणाला जमत नसे, आज ते आपोआपच बंद होतं.

नाकोबांनी नेहमीप्रमाणे ग्लास उजेडाकडे धरला. रंग सुरेख गुलाबी होता, फेस दाट होता. त्यांनी ग्लास हलकेच फिरवला, नाकाशी नेला, डोळे मिटले आणि घोट तोंडात घोळवून गिळला. जिभेला गार लागलं, बुडबुडे टोचले. थोडं आंबट, त्यामागे किंचित गोड. यापलीकडे त्यांना काहीही कळलं नाही.

“चांगली आहे की,” ते म्हणाले. “आधी गव्हाचा वास येतो, भाजलेल्या पावासारखा. मागून फळाचा. गुलाबाच्या अलीकडे थांबतो बघा.”

 बुचवाला स्वतःच्या बुटांकडे बघू लागला.

“काका,” मालकीणबाई अगदी हळू म्हणाल्या, “हिला दवाखान्याचा वास येतोय. जखमेवर बांधायच्या पट्टीचा. बाटली उघडली की खोलीभर होतो. आत्ताही आहे.”

नाकोबांनी ग्लास टेबलावर ठेवला. 

“घरी जा आज,” बाई म्हणाल्या. “काकू जाऊन महिनासुद्धा झाला नाही. मीच तुम्हाला लवकर कामावर बोलावलं.”

त्यांना वाटलं, दुःखात माणसाचं चित्त ठिकाणावर नसतं. नाकोबांनीही ते वाटू दिलं आणि डबा उचलून ते निघाले.

बिअर बिघडणं ही काही जगावेगळी गोष्ट नव्हे. टाकीत नको ते यीस्ट शिरलं की असा वास धरतो, आणि ते कुणाच्याही टाकीत शिरू शकतं. ते बाटलीत जाण्याआधी पकडायचं, एवढंच चाखणाऱ्याचं काम. मालकीणबाईंच्या वडिलांनी ब्रुअरी काढली तेव्हाच नियम घालून दिला होता, की चाखायचं एकानेच आणि हो किंवा नाही म्हणायचं तेही त्यानेच. दहा जणांना विचारलं की दहा भांडणं होतात, असं ते म्हणत. तो एक माणूस म्हणजे नाकोबा. नाकासमोर चालणारा, कुणाच्या अध्यातमध्यात नसलेला साधा माणूस, पण टाकीचं झाकण उघडताच आतलं सगळं सांगायचा. त्यावरूनच हे नाव पडलं आणि चिकटलं.

रास्पबेरीची बिअर बाटल्यांत भरली त्या दिवशी मालकीणबाई परगावी प्रदर्शनाला गेल्या होत्या. बुचवाला म्हणालाही होता, वास जरा वेगळाच वाटतोय. त्यावर बाकीच्यांनी त्याचीच टर उडवली. “तू जन्मात कधी रास्पबेरी खाल्लीस का? नाकोबांनी हो म्हटलंय, तू कशाला मध्ये नाक खुपसतोस?” बिचाऱ्याने खरोखरच खाल्ली नव्हती. तो गप्प बसला आणि बुचं लावत राहिला.

नाकोबांचा वास गेला तो एका तापात. ताप उतरला, सर्दी गेली, अंगात शक्ती आली, वास मात्र परत आला नाही. घरात ते कळलं ते दुधामुळे. दूध करपून स्वयंपाकघरात धूर झाला आणि हे शेजारीच खुर्चीत पेपर वाचत बसलेले. बायको आतून शिलाई मशीन सोडून धावत आली.

“अहो, नाक काय गहाण टाकलंय का?” तिने गॅस बंद करत विचारलं.

नाकोबा तिच्याकडे नुसते बघत राहिले. तिच्या हातातलं फडकं खाली पडलं. मग तीही समोरच्या खुर्चीत बसली.

डॉक्टर म्हणाले, येईल किंवा येणार नाही. नाकोबा म्हणाले, उद्या जाऊन सांगून टाकतो. बायको म्हणाली, इतकी घाई कशाला?

“घरी आणत जा थोडी बाटलीतून. मी बघते.”

“तुला काय कळतंय त्यातलं?”

“कापड हातात घेतलं की मला त्याचा कस कळतो. तो तरी कुणी शिकवला होता? हेही शिकेन.”

बायको आयुष्यात बिअरच्या वाटेला गेली नव्हती. पहिला घोट तिने थेट बेसिनमध्ये टाकला आणि असं तोंड केलं की नाकोबांना कित्येक दिवसांनी हसू आलं. पण ती हट्टाला पेटली की पेटली. हळूहळू तिला उमगायला लागलं. शब्द मात्र तिचे स्वतःचे, दुरुस्तीच्या कपड्यांच्या ढिगातून आलेले. “ही नव्या कापडाची घडी मोडल्यासारखी आहे.” “हिच्यात ओलसर कपड्यावर इस्त्री फिरवल्याचा वास आहे, अजून राहू द्या.” “ही नको. ट्रंकेत विसरलेल्या स्वेटरसारखी झालीय.” नाकोबा दुसऱ्या दिवशी जाऊन थोडं इकडचं तिकडे करून तेच सांगत. तिचा अंदाज कधी चुकला नाही. म्हातारपणी नाकोबा कवी झाले, असं ब्रुअरीत म्हणू लागले. काही बिअरच्या लेबलांवर तर तिचीच वाक्यं छापली गेली.

या लपवाछपवीचं ओझं नाकोबांच्या मनावर होतंच. पण खरं सांगायचं तर त्या संध्याकाळी त्यांच्या संसारातल्या सगळ्यांत चांगल्या संध्याकाळी होत्या. इतकी वर्षं तो टाक्यांकडे आणि ती मशीनकडे, असंच चाललं होतं. आता दोघं एका छोट्या ग्लासाच्या दोन बाजूंना बसत, ती डोळे मिटून शब्द शोधी आणि तो तिच्या तोंडाकडे बघत राही.

मग तिचं दुखणं निघालं. महिन्याभरातच ती अंथरुणाला खिळली. लेक रजा घेऊन आईच्या सेवेला आली. सलाइनमधून जबरी औषधं सुरू झाली. नाकोबा म्हणाले, आता पुरे, मी ब्रुअरीत जाऊन ताईंना खरं काय ते सांगतो.

“आणि दुसरं काम कोण देणारे तुम्हाला या वयात?” ती म्हणाली. “मलाही दुसरं काय राहिलंय? मशीनवर तर बसवत नाही. एवढं एक तरी राहू द्या माझ्याकडे.”

त्यामुळे चाखणं चालूच राहिलं. लेक औषधं आणायला खाली गेली की नाकोबा बायकोच्या पाठीला उशी लावत आणि ग्लास तिच्या ओठांशी धरत. लेकीला यातलं काही ठाऊक नव्हतं. बापाचं नाक गेलंय हे लेकीलाही कळता कामा नये, ही अट बायकोनेच घातली होती.

रास्पबेरीची टाकी तयार झाली तेव्हा ती म्हणाली, “आज नको. उद्या आणा.” दुसऱ्या दिवशी त्यांनी आणली. तिने ग्लास दोन्ही हातांनी धरला, एक घोट घेतला आणि डोळे मिटून खूप वेळ पडून राहिली. त्यांना वाटलं, झोप लागली. मग ती म्हणाली, “आधी गव्हाचा वास. भाजलेल्या पावासारखा. मागून फळाचा येतो. गुलाबाच्या अलीकडे थांबतो. छान झालीय. भरा बाटल्या.”

त्यानंतर पाच-सहा दिवसांत ती गेली.

नाकोबा घरी पोचले तेव्हा लेक कपाट रिकामं करत होती. आईच्या कपड्यांच्या घड्या पलंगावर रचल्या होत्या. एवढ्या लवकर घरी कसे, असं तिने विचारलं. ते नुसतेच खुर्चीत बसले. सगळी वाट त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. बायकोच्या त्या शेवटच्या वाक्यांत कापड नव्हतं. ना इस्त्री, ना घडी, ना धागा.

“शेवटी शेवटी तिला चव लागत होती का गं?” त्यांनी विचारलं.

लेकीचे हात थांबले. “कसली चव, बाबा. ती औषधं सुरू झाल्यापासून काहीच नाही. तोंडात लोखंड धरल्यासारखं वाटतं म्हणायची. वासही गेला होता. तुम्हाला सांगायचं नाही असं बजावलं होतं तिने.”

“का?”

“मी पण विचारलं. तर म्हणे, त्यांना कळलं तर त्यांचं काम अडेल. मला वाटलं, औषधाने भ्रम होतोय. तुमचं काम तिच्यामुळे कशाला अडेल?”

 लेक हातातल्या स्वेटरची बाही सरळ करत राहिली.

“काय काय सुचायचं तिला. एक दिवस म्हणाली, मला रास्पबेरी आणून दे. चार दुकानं हिंडले तेव्हा मिळाल्या. मला वाटलं, खायची इच्छा झाली असेल. पण खाल्ल्याच नाहीत. मलाच म्हणाली, वास घे आणि नीट सांग कसा येतो ते. मी म्हटलं, आंबटगोड. तर म्हणाली, असं नाही, विचार करून सांग. मग मी म्हटलं, गुलाबासारखा येणार असं वाटतं, पण गुलाबाच्या अलीकडेच थांबतो. ते तिला एवढं आवडलं. दोनदा म्हणून घेतलं माझ्याकडून. पाठ करत होती.”

नाकोबांना तेव्हा सगळं कळलं. औषधं सुरू झाल्यावरच्या मधल्या दोन टाक्या नशिबाने चांगल्या निघाल्या होत्या, तिने अंदाजाने हो म्हटलं होतं. रास्पबेरीचा वास तिला आठवेना, म्हणून एक दिवस मागून घेतला. त्या दिवशी लेकीला नुसता बिअरचा घोट दिला असता तरी भागलं असतं. लेकीने तोंड वाकडं केलं असतं आणि टाकी वाचली असती. पण मग ही कुणाची बिअर, ती तू का चाखतेस, असं लेकीने विचारलं असतं, आणि नवऱ्याची झाकली मूठ उघडी पडली असती. ते तिला नको होतं. तिला स्वतःलाच काही कळत नाही हेही त्याला कळू द्यायचं नव्हतं. दोघांची नाकं गेली होती आणि दोघांचंही गुपित ती एकटी सांभाळून होती.

ती गेली त्या दिवशी नाकोबा रडले नव्हते. भेटायला येणाऱ्यांना खुर्च्या देत होते. आज त्यांनी तोंडावर हात धरला आणि ते रडले. लेक स्वेटर टाकून त्यांच्याजवळ येऊन बसली. तिला वाटलं, आईच्या आठवणीने रडतायत. ते खोटं नव्हतं.

दुपारी ते पुन्हा ब्रुअरीत गेले. मोरीपाशी बुचवाला एकेक बाटली उघडून ओतत होता, गुलाबी फेस जाळीवर साठून हळूहळू आत जात होता. मालकीणबाई शेजारी उभ्या होत्या.

“ताई, मला वास येत नाही,” नाकोबा म्हणाले. “तापात गेला, त्याला दोन वर्षं होऊन गेली.”

बुचवाल्याचा हात थांबला. बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या.

“मग इतके दिवस? एवढ्या सगळ्या टाक्या?”

“घरी नेत होतो. ती चाखून सांगायची.”

“काकू?”

“तिचंच सगळं. नव्या कापडाची घडी वगैरे तुम्ही लेबलावर छापलंत, ते तिचंच.”

बाईंनी ओतायच्या राहिलेल्या खोक्यांकडे पाहिलं. पुढचा प्रश्न त्यांच्या ओठांवर आलेला नाकोबांना दिसला. तो त्यांनी येऊच दिला नाही.

“ही तिची नव्हे,” ते म्हणाले. “ही तिला विचारलीच नाही मी. ती फार आजारी होती, मी आपलं मनानेच सांगितलं. बाकीच्या सगळ्या तिच्या. ही तेवढी माझी.”

सबंध आयुष्यात नाकोबा कामाच्या बाबतीत स्वतः रचून खोटं बोलले असतील तर हे एवढंच. ते बोलताना त्यांची मान खाली गेली नाही. बाई पुन्हा खोक्यांकडे वळल्या. मग म्हणाल्या, “चाखायला मी दुसरं कुणी बघते, काका. तुम्ही टाक्यांकडे बघा. ते तुमच्याइतकं कुणाला जमत नाही.” नाकोबांनी मान डोलावली. निघताना त्यांनी खोक्यातली एक बाटली उचलली.

“ती पिऊ नका हो,” बुचवाला म्हणाला. “वाईट आहे.”

“मला काय कळणारे?” नाकोबा म्हणाले, आणि दोघांनाही हसावं की काय ते समजेना.

घरी मशीनवर झाकण घालून ठेवलं होतं. त्याच्याशेजारच्या खुर्चीत ते बसले आणि तिच्या त्या छोट्या ग्लासात त्यांनी बिअर ओतली. बाहेर अजून उजेड होता. त्यात रंग सकाळसारखाच सुरेख दिसत होता. लेक चहा विचारायला आली आणि दारातच थबकली.

“बाबा, कसला वास येतोय हा? दवाखान्यासारखा. खराब झालीय ती, टाकून द्या.”

“तुझ्या आईने छान झालीय म्हणून सांगितलं होतं,” नाकोबा म्हणाले.

लेक ग्लासातल्या गुलाबी रंगाकडे बघत राहिली. मग हळूच येऊन पलंगाच्या कडेला बसली. नाकोबांनी डोळे मिटले आणि घोट तोंडात धरून ठेवला, बायको धरायची तेवढा वेळ.