काळी गाडी आणि गुरुवारची मुलगी

आमची लेक नामखिंग दोन महिन्यांची झाली आणि तिला लस टोचायला उत्तर थायलंडातल्या नान शहरात न्यायची वेळ आली. वाट घाटाची. न्यायचं कोणत्या गाडीतून, एवढाच प्रश्न होता.

आमच्या घराखाली दोन गाड्या उभ्या असतात. एक सासऱ्यांची, बावीस वर्षांची, लांबलचक, मऊ कातडी सीटची. बाबा शिक्षण खात्यातून निवृत्त झालेत, पण तिच्यात बसले की अजून साहेब होतात. दुसरी माझ्या नवऱ्याने, क्रितने, यंदा घेतलेली. उंच, काळी, चारही चाकांना जोर असलेली.

मी दोन्हींत बाळाची सीट बसवून पाहिली. बाबांच्या गाडीत पट्टा कितीही आवळला तरी ती चार बोटं हलायची. नव्या गाडीत खाली लोखंडी कड्या आहेत, त्यांत अडकवली की जागची हलत नाही. मी अठरा वेळा हलवून पाहिली. आकडा क्रितचा आहे.

"मांडीवर घे की पोरीला," बाबा म्हणाले. "तुझ्या नवऱ्याला तसंच आणलं होतं. पडला का?"

"बाबा, पण घाटात..."

"माझ्या गाडीत पाण्याचा पेला ठेव. थेंब सांडणार नाही."

"आणि चढावर बंद पडली तर पेला धरून ढकलायचं कोणी?" क्रित म्हणाला.

बाबांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "मुलगी जन्माने गुरुवारची आहे. गुरुवारच्या माणसाला काळा रंग वर्ज्य. माझी नात त्या गाडीत बसणार नाही."

मी विज्ञानाची पदवीधर. यावर काय बोलायचं ते मला चांगलं माहीत होतं. पण घाटातली वळणं डोळ्यांपुढे आली आणि मी एवढंच विचारलं, गुरुवारला शुभ रंग कोणता. "नारिंगी," बाबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी बाजारातून स्टिकर आणलं: 'ही गाडी नारिंगी आहे.' रंग जुळला नाही की आमच्याकडे असंच करतात. समोरच्या डॉक्टरीणबाईंची लाल गाडी सहा वर्षं पांढरी आहे.

बाबांनी चष्मा लावला. "अक्षरं बारीक आहेत. ग्रहांनी वाचायचं कसं?"

मी परत जाऊन मोठं आणलं. बाबांनी ते फाटकाजवळून वाचलं, मग नारळाखालून वाचलं. "आता झाली नारिंगी," म्हणाले आणि नातीशेजारी चढून बसले.

तिसऱ्या वळणावर समोरून भाजीचा ट्रक आमच्या बाजूला आला. क्रितने करकचून ब्रेक दाबला. मी मागे वळले. सीट जागच्या जागी होती, नामखिंग झोपलेली होती आणि बाबांचे दोन्ही हात तिच्यापुढे आडवे होते.

ट्रक गेला. बाबांनी हात काढून मांडीवर ठेवले.

"रंग चांगला निघाला," बाबा म्हणाले.

"हो बाबा," मी म्हटलं.