खाचेतला बिल्ला

मी एक जुनी पत्र्याची पेटी आहे. माझी कडी कुरकुरते, एका कोपऱ्याला पोचा आला आहे, निळा रंगही बराचसा उडाला आहे. पण झाकण उघडून पाहा. आतून मी अजूनही टापटीप आहे!

मित्रांनो, माझा जन्म एका जहाजावर झाला. नौदलातल्या एका तरुण तंत्रज्ञाने मला घडवले. हेलिकॉप्टर ठाकठीक ठेवणे हे त्याचे काम. माझ्या पोटात जाड रबर बसवून त्याने प्रत्येक अवजाराच्या आकाराची खाच कापली. पान्याला पान्याची, पकडीला पकडीची, चिमुकल्या स्क्रू ड्रायव्हरलाही त्याची. अवजार उचलले, की त्या खाचेत आपल्या नावाचा पितळी बिल्ला ठेवायचा, असा तिथला नियम. खाच नुसतीच रिकामी दिसली, तर हेलिकॉप्टर जागचे हलणार नाही. यंत्राच्या पोटात विसरलेला एवढासा पानाही माणसांच्या जिवावर उठतो.

एका सकाळी पंखे फिरायच्या बेतात होते आणि माझी एक खाच रिकामी! ना स्क्रू ड्रायव्हर, ना बिल्ला. त्याने दोन्ही हात वर करून उड्डाण थांबवले. वैमानिक तणतणत खाली उतरला.

"अरे, पलीकडच्या जहाजावर माझा नाश्ता निवतोय."

"निवू द्या, साहेब. तुम्ही पडण्यापेक्षा बरं."

सगळ्यांनी गुडघ्यांवर बसून कानाकोपरा धुंडाळला. शेवटी चहा घेऊन आलेला आचारी माझ्या तंत्रज्ञाला शांतपणे म्हणाला, "तुमच्या कानामागे काय आहे ते?"

काखेत कळसा नि गावाला वळसा! तो लाजेने लालबुंद झाला. तरी त्याने स्क्रू ड्रायव्हर खाचेत बसवला, मला बंद केले आणि मगच उड्डाणाची खूण केली. त्या दिवसापासून त्याचे नाव पडले 'कानवाले'. संध्याकाळी वैमानिक परत आला, तेव्हा माझ्या झाकणावर थाप मारून म्हणाला, "कानवाले, यापुढे माझं यंत्र तुम्हीच बघायचं." ती थाप मला अजून आठवते.

नौदल सोडल्यावर त्याने विमानतळावर नोकरी केली. तिथेही मी त्याच्यासोबत होते. मग आम्ही दोघे कायमचे घरी आलो. त्याने स्वयंपाकघराच्या भिंतीवर प्रत्येक झाऱ्याचा, प्रत्येक पळीचा आकार रंगवला. बायको कपाळाला हात लावून म्हणाली, "उद्या मलाही खाच कापाल."

"तू माहेरी जाताना बिल्ला ठेवून जा, म्हणजे झालं."

पुढे त्याचे हात थरथरू लागले. मी पलंगाखाली गेले आणि माझ्यावर धूळ साचली. एके दिवशी तोही शांतपणे गेला.

काही दिवसांनी त्याच्या आठवणीसाठी सगळे घरी जमले. माझी धूळ पुसली गेली, झाकण उघडले. मी सुखावले, पण क्षणभरच.

"वहिनी, दादाची आठवण म्हणून हा पाना मी नेतो," धाकटा भाऊ म्हणाला. जावयाची नजर पकडीवर होती, शेजाऱ्यांची हातोडीवर. मित्रांनो, अवजारे गेली, की पेटीचा नुसता डबा उरतो.

तेवढ्यात त्याची लेक पुढे आली. कडेवरचे बाळ तिचे केस ओढत होते.

"न्या ना, काका. पण तुमचा बिल्ला?"

"आता मी कुठून आणू बिल्ला?"

"मग परत यावंच लागेल असं काहीतरी ठेवा."

काकांनी खिसे चाचपले आणि ऐटीत स्कूटरची किल्ली खाचेत ठेवली. दारापर्यंत गेले आणि थबकले. "अगं, मग मी घरी जाऊ कसा?"

"नका जाऊ. मोरीतला नळ गळतोय. पाना हातात आहेच तुमच्या."

हसून हसून सगळ्यांची पुरेवाट झाली. काकांनी बाह्या सरसावल्या. जावयाने खिडकीची बिजागरी दुरुस्तीला घेतली, शेजाऱ्यांनी डुगडुगणारे स्टूल.

तेव्हापासून एकही अवजार घराबाहेर गेलेले नाही. ज्याला गरज असते तो मोडकी वस्तू घेऊन इथेच येतो, दुरुस्त करतो, कानवाल्यांच्या दोन गोष्टी सांगतो आणि अवजार जागेवर ठेवून जातो. माझी कडी आता रोज कुरकुरते, आणि मला ते आवडते.

मित्रांनो, कोणतीही वस्तू घेतलीत, तर तिची जागा लक्षात ठेवा. ती जागा तिची वाट पाहत असते.

फक्त स्क्रू ड्रायव्हर माझ्यात नाही. चष्म्याची काडी घट्ट करायला म्हणून बाळाच्या आजींनी तो घेतला, तो त्यांच्या बटव्यातच राहिला. त्याच्या खाचेत त्यांनी जुना पितळी बिल्ला ठेवला आहे.

"आई, हा तर बाबांचा," लेक म्हणाली. "तुझा कुठाय?"

"असू दे," आजी म्हणाल्या. "आमच्या दोघांत एकच."