खालचे दोन दात

तीन. दोन. तीन.

डॉक्टरीणबाई आकडे म्हणत होत्या, नर्स लिहून घेत होती आणि सोफे शिवणारा खुर्चीत आडवा पडून ऐकत होता. दात आणि हिरडी यांच्यामध्ये बारीक सळई जाते. जितकी खोल जाते तितका आकडा. तीनपर्यंत ठीक, असं बाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं. सांगितलं नसतं तर बरं झालं असतं, असं त्याला आता वाटत होतं.

सहा. सात. सात.

खालचे, समोरचे दोन. बाईंनी बोट लावून पाहिलं. हलत होते.

"काय काम करता?"

तोंडात सळई असलेला माणूस काय सांगणार? मूठभर बारीक खिळे तोंडात टाकायचे, जिभेने एकेक पुढे ढकलायचा, या दोन दातांवर टेकवून धरायचा, तिथून लोहचुंबकाच्या हातोडीने उचलायचा. एक हात कापड ताणायला, एक ठोकायला. तिसरा हात म्हणजे तोंड. त्याच्या वडिलांचे समोरचे दात चाळिशीत पडले. पुढची वीस वर्षं ते त्याच दुकानात बसून दुसऱ्यांनी शिवलेल्या सोफ्यांवरची धूळ झटकत होते.

"वाचतील का?" सळई निघाल्यावर त्याने विचारलं.

"दोन्ही गोष्टी पुऱ्या झाल्या तर. मी मुळापर्यंत खरवडणार, दोन बैठकांत. दातांवर साचलेलं किटण गोळ्यांनी जात नाही. ते निघालं की आत जे जंतू उरतील त्यांच्यासाठी सात दिवस गोळ्या, रोज तीन. सगळ्यांना देत नाही मी, तुम्हाला देतेय. एकही चुकवायची नाही. आणि खिळे यापुढे बशीत."

० ० ०

खरवडताना दुखलं नाही. फक्त आवाज आला, कवटीच्या आतून, कोणीतरी जुन्या कढईचा तळ घासावा तसा.

० ० ०

एकवीस.

गोळ्यांची लांब पट्टी त्याने शिलाई मशीनवर ठेवली. खोळी शिवायचं काम बायकोचं. तिने पट्टी उलटसुलट करून पाहिली.

"माझ्याही चुळीत रक्त येतं."

"मग दाखवून ये."

"आणि या बारा खुर्च्यांच्या खोळी कोण शिवणार, तुमचा मेव्हणा? द्या की यातल्याच."

लग्न झाल्यापासून दोघांचं सगळं निम्मंनिम्मं. एकच जवळचा चष्मा, तोही पाळीपाळीने. तिने कापडाची मोठी कात्री उचलली आणि पट्टी मधोमध कापली.

"अकरा तुम्हाला. तुमचे दात कमावते आहेत."

त्याला बाईंचं बोलणं आठवलं. पण खरवडून तर झालं होतं, खरं काम तेच, असं त्याने मनाला समजावलं.

चार दिवसांत रक्त थांबलं. त्याचं आणि तिचंही. तोंडाचा वासही गेला.

"आता इकडे तोंड करून झोपलात तरी हरकत नाही," ती म्हणाली. कितीतरी वर्षांनी तो तसा झोपला.

खिळे आठवडाभर बशीत राहिले. मग बशीत चहा आला.

० ० ०

तीन. तीन. दोन.

तीन महिन्यांनी पुन्हा तीच खुर्ची. मागचे दात सुधारले होते. बाई खूश दिसल्या. मग सळई पुढे आली.

सात. आठ. आठ.

नर्सचं पेन थांबलं.

"गोळ्या पूर्ण घेतल्या होत्या?"

आता सांगता आलं असतं. तोंडात काहीच नव्हतं. तो म्हणाला, "हो."

"सगळ्या एकवीस?"

"हो."

"म्हणजे त्या तुम्हाला लागू पडल्या नाहीत." बाईंनी कागदावर एक ओळ खोडली. "पुन्हा खरवडू. दुसऱ्या देते, जास्त जोराच्या. याच्यापुढे माझ्याकडे काढण्याशिवाय काही उरणार नाही."

बाहेर बाकावर बायको गालाला रुमाल धरून बसली होती. जबड्याखाली गाठ आली होती, लिंबाएवढी. तिला आत नेलं. दार नीट लागलं नाही.

आठ. नऊ. आठ. नऊ.

"याआधी काही उपचार?" आतून बाईंचा आवाज. "गोळ्याबिळ्या घेतल्या होत्या कधी?"

तो बाकावर पुढे सरकला.

"नाही हो," बायको म्हणाली.

तो उठला. दारापर्यंत गेला. कडीला हात लावला आणि तसाच उभा राहिला. सवयीने त्याची जीभ पुढे गेली, खिळा ढकलावा तसं तिने खालच्या दोन दातांना ढकललं.

ते पुढे आले.