चष्म्याला पापण्या नसतात

मित्रांनो, मी एक जुना चष्मा आहे. जाड काळी फ्रेम, दोन गोल काचा आणि उजव्या काडीला तारेचा वेढा, एवढाच माझा संसार. चष्मा बोलायला लागला म्हणजे आता ज्ञानाचे डोस पाजणार, असं तुम्हाला वाटत असेल. तसं काही नाही. मी जन्मभर पुस्तकं वाचली आणि त्यांतल्या बहुतेकांची मला शिसारी आली. नकोसं पान समोर आलं की माणूस डोळे मिटून घेतो. चष्म्याला पापण्या नसतात.

कारखान्यातून निघालो तेव्हा मी चांगला देखणा होतो. दुकानातल्या काचेच्या पेटीतून मला सिस्टरमावशीने उचललं. इस्पितळात नर्स म्हणून काम करून ती नुकतीच निवृत्त झाली होती आणि चर्चची सगळी मंडळी तिला याच नावाने हाक मारी. चर्चच्या हॉलमध्ये पुस्तकांचं एक कपाट होतं. कुणी पुस्तक भेट दिलं की ते आधी सिस्टरमावशीने वाचायचं, रविवारी उपासनेनंतर चहाच्या वेळी त्याबद्दल चार शब्द बोलायचे, मगच ते कपाटात जायचं. हा नियम कुणी घातला ठाऊक नाही, पण चर्चचे धर्मगुरू असलेल्या पाळकसाहेबांनीही तो कधी मोडला नाही. थोडक्यात, प्रत्येक पुस्तक तिच्या नाकाखालून जायचं आणि त्या नाकावर मी बसलेलो असायचो.

काय काय वाचावं लागलं म्हणून सांगू! काही पुस्तकांवर कोटातला माणूस बत्तिशी दाखवत असायचा, काहींवर उगवता सूर्य आणि क्रूस. आतला माल एकच. एकात लिहिलं होतं की पहाटे उठणाऱ्याच्या पायाशी यश लोळण घेतं. सिस्टरमावशी म्हणाली, "आपले बेकरीवाले जन्मभर पहाटे उठतायत. त्यांच्या पायाशी मांजराशिवाय काही लोळताना मी तरी पाहिलं नाही." बेकरीवाले स्वतः सगळ्यांत जास्त हसले. त्यांची बायको चहा ओतत होती, तिला किटली खाली ठेवावी लागली. दुसऱ्या एका पुस्तकात हवी ती मोटार देवाकडे रंगासकट मागायला सांगितलं होतं. देव काय दुकानदार आहे, यादी पाठवली की सामान घरपोच, असं तिने विचारलं.

एकच पुस्तक तिला मनापासून आवडलं. बारीकसं, कव्हर फाटलेलं, इस्पितळात मरणाऱ्यांना भेटायला जाणाऱ्या एका पाळकाने लिहिलेलं. त्यात मध्येच तो कबूल करतो की नातेवाईक 'का' म्हणून विचारतात आणि मला उत्तर माहीत नसतं. तिथे सिस्टरमावशीने मला काढून पदराने पुसलं. मी मुळीच मळलेलो नव्हतो.

मग माझा स्क्रू पडला, काडी निखळली आणि मी दुरुस्तीच्या दुकानात जाऊन पडलो. नेमकी तेव्हाच बेकरीवाल्यांची बायको थोड्याशा आजाराने गेली. पुढचं मला मागाहून ऐकून कळलं. मंडळीच्या खजिनदारांना भेटी द्यायची भारी हौस. त्यांनी दुःखावरच्या एका पुस्तकाचा गठ्ठाच आणून ठेवला होता. सिस्टरना आधी वाचू द्या, असं पाळकसाहेब म्हणाले. खजिनदारांनी कव्हर पुढे केलं. त्यावर क्रूस आहे, मग आत तपासायचं ते काय? क्रूसापुढे कोण बोलणार? दफनाच्या दिवशीच एक प्रत बेकरीवाल्यांच्या हातात गेली.

तारेचा वेढा घालून मी परत आलो, तोवर बेकरीची भट्टी थंड पडली होती. एका दुपारी बेकरीवाले सिस्टरमावशीच्या स्वयंपाकघरात आले आणि ते पुस्तक उघडून त्यांनी टेबलावर ठेवलं. तिने वाचलं, म्हणजे मीही वाचलं. प्रार्थनेला फळ आलं नाही तर प्रार्थना करणाऱ्याने स्वतःतली उणीव शोधावी, असं तिथे छापलं होतं. उणीव लिहायला खाली मोकळी ओळ होती. त्या ओळीवर बेकरीवाल्यांनी पेन्सिलीने लिहिलं होतं, 'डोळा लागला.'

"तिच्या उशाशी बसून प्रार्थना करत होतो," ते म्हणाले. "मी जागा राहिलो असतो तर ती वाचली असती का, सिस्टर?"

मित्रांनो, त्या छापील ओळीची मला इतकी किळस आली की नाकावरून उडी मारून फुटून जावंसं वाटलं. सिस्टरमावशीने पुस्तक मिटलं.

"नाही वाचली असती, भाऊ. मी जन्मभर आजाऱ्यांच्या उशाशी बसलेय. रात्रभर जागणाऱ्यांचीही माणसं गेलेली पाहिलीत मी."

"मग ती का गेली?"

"मला माहीत नाही."

तिने मला काढून टेबलावर ठेवलं आणि बेकरीवाल्यांचा हात हातात घेतला. दोघंही संध्याकाळपर्यंत तिथेच बसून होते.

रविवारी ती बोलायला उभी राहिली तेव्हा मंडळी कप हातात घेऊन हसायच्या तयारीत होती. "हे पुस्तक वाचून मला ओकारी आली," ती म्हणाली. "लिहिणारा कधी कुणाच्या उशाशी बसलेला नाही. आणि आपणही बसलो नाही. पुस्तक हातात कोंबलं आणि घरी गेलो." खजिनदार आपल्या बुटांकडे बघत राहिले. त्यानंतर ते पुस्तक कुणाला द्यायचं नाही असं ठरलं. पण कव्हरवर क्रूस, त्यामुळे रद्दीत घालायला कुणी धजेना. सगळा गठ्ठा कपाटाच्या तळाशी गेला.

पुढे सिस्टरमावशीचा नंबर वाढला आणि सोनेरी काड्यांचा नवा चष्मा आला. गरजूला उपयोगी पडावा म्हणून मला हॉलच्या कपाटात ठेवायला तिने कुणालातरी दिलं. त्या शहाण्याने मला कुठे ठेवावं? त्याच गठ्ठ्यावर, तेही उपडा. 'दुःखाला आजच निरोप द्या!' कव्हरवरची ती ठळक अक्षरं माझ्या काचांना चिकटून होती. किती वर्षं मी तेवढंच वाचत पडलो होतो.

परवा चर्चच्या वॉचमनचा तरुण मुलगा गेला. खजिनदार आता म्हातारे झालेत, विसरायला लागलेत. त्यांनी कपाट उघडलं आणि माझ्या खालची एक प्रत ओढली. तेवढ्यात बेकरीवाले चहाचे कप घ्यायला हॉलमध्ये आले. त्यांचा हात पिठाने माखलेला होता. तो त्यांनी गठ्ठ्यावर दाबून ठेवला.

"ते राहू द्या," ते म्हणाले. "मी जाऊन बसतो वॉचमनपाशी."

कप तिथेच ठेवून ते गेले.

त्यांच्या हाताचं पीठ माझ्या दोन्ही काचांवर सांडलंय. चष्मा मऊ कापडाने पुसावा, काचांवर उपडा ठेवू नये, हे तुम्हाला शाळेत सांगितलं असेलच. कुणाला खरोखर वाचायला हवा असेन तर मलाही खुशाल पुसा. आणि दुःखातल्या माणसाला पुस्तक द्यायचंच असेल, तर आधी ते स्वतः वाचा आणि देऊन झाल्यावर लगेच उठू नका. पण उगाच स्वच्छता म्हणून मला हात लावू नका. ते कव्हर आता मला दिसत नाही. जन्मात पहिल्यांदाच माझे डोळे मिटलेत.